डॉसकालीन संगणकातील ध्वनिकार्डाचे दोषनिदान : एक पद्धतीशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

जतन करावयाच्या वस्तूंचा विचार करताना हस्तलिखिते, नाणी, शिल्पे आणि ध्वनिमुद्रिका यांचा उल्लेख प्रथम होतो. १९८० आणि १९९० या दशकांतील वैयक्तिक संगणक हीसुद्धा आता जतनाची वस्तू झाली आहे. त्या काळात डॉस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकीय खेळांनी चित्र, कथा आणि संगीत यांचा एक नवा मेळ घातला. या खेळांचे संगीत ध्वनिफितीवर मुद्रित केलेले नव्हते. खेळ सुरू असताना संगणकात बसविलेले ध्वनिकार्ड ते त्या क्षणी निर्माण करीत असे. त्यामुळे कार्ड मुके झाले की संगीताचे मूळ रूपही ऐकेनासे होते.

अशा कार्डांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. उपलब्ध संख्या केवळ घटतच जाणार आहे. संगणकातून आवाज येत नाही एवढ्यावरून कार्ड निकामी ठरवून टाकून दिले जाते, किंवा जिथे एक जम्पर बदलणे पुरेसे असते तिथे डाग देण्याचे यंत्र हाती घेऊन धडधाकट कार्डाला इजा केली जाते. दोषनिदानाची शिस्त पाळल्यास हे नुकसान टळू शकते. प्रस्तुत लेखात या शिस्तीचे विवेचन केले असून त्यासाठी १९९२ साली बाजारात आलेले साउंड ब्लास्टर १६ हे कार्ड प्रातिनिधिक म्हणून निवडले आहे.

उद्दिष्टे

१. डॉसकालीन ध्वनिकार्डाची रचना व कार्यपद्धती समजून घेणे.
२. आवाज न येण्याच्या विविध कारणांचे वर्गीकरण करणे.
३. लक्षणांवरून दोषाच्या स्थानापर्यंत पोहोचण्याचा क्रम स्पष्ट करणे.
४. या क्रमाचे अध्यापनाच्या व जतनाच्या दृष्टीने महत्त्व विशद करणे.

ध्वनिकार्डाचा उदय

आयबीएम कंपनीने १९८१ साली आणलेल्या वैयक्तिक संगणकात आवाजासाठी एक लहानसा स्पीकर होता. एका वेळी एकच स्वर आणि तोही चौकोनी तरंगाचा कर्कश स्वर, एवढीच त्याची मजल होती. मात्र संगणकाच्या मदरबोर्डवर लांबट स्लॉट ठेवलेले होते आणि त्यांत निरनिराळ्या कामांची कार्डे बसविता येत असत. महाराष्ट्रातील वाचकांना अशा कार्डाचे एक जवळचे उदाहरण आठवेल. कानपूरच्या आयआयटीमध्ये पाया घातल्या गेलेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वाढविलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाचे कार्ड याच प्रकारच्या स्लॉटमध्ये बसविले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. ध्वनिकार्ड हे त्याच कुळातील होय.

कॅनडातील क्वेबेक येथे मार्टिन प्रेव्हेल यांनी स्थापन केलेल्या ॲडलिब कंपनीने १९८७ साली आपले संगीत-कार्ड आणले. त्यावर यामाहा कंपनीची वायएम३८१२ ही चिप होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेल्या आणि यामाहाने परवाना घेऊन विकसित केलेल्या एफएम संश्लेषणाच्या तत्त्वावर ही चिप चालते. एका तरंगाने दुसऱ्या तरंगाची वारंवारता सतत बदलत ठेवली असता गुंतागुंतीचा, वाद्यासारखा ध्वनी मिळतो, हे ते तत्त्व. ॲडलिब कार्डावर असे नऊ स्वर एकाच वेळी वाजू शकत होते.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर आणले. त्यात यामाहाची तीच चिप तर होतीच, शिवाय मुद्रित ध्वनी अंकरूपातून प्रत्यक्ष आवाजात आणणारा स्वतंत्र विभागही होता. या विभागाला डीएसपी असे म्हटले जाते. मानवी उच्चार, स्फोट, पावलांचे आवाज यांना त्यामुळे वाट मिळाली. १९९१ साली साउंड ब्लास्टर प्रो आणि १९९२ साली साउंड ब्लास्टर १६ आले. यांपैकी शेवटच्या कार्डात १६ बिटांचा स्टिरिओ ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांपर्यंत वाजविण्याची क्षमता होती आणि एफएम संगीतासाठी वायएमएफ२६२ ही सुधारित चिप होती.

डॉसची रचना आणि निदानातील अडचण

आजच्या संगणकात खेळ थेट ध्वनियंत्रणेशी बोलत नाही. तो कार्यप्रणालीला विनंती करतो आणि कार्यप्रणाली ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थामार्फत ती पूर्ण करते. डॉसमध्ये ध्वनीसाठी असा सर्वमान्य मध्यस्थ नव्हता. प्रत्येक खेळाला कार्डाचा पत्ता स्वतः माहीत असावा लागे आणि कार्डाच्या रजिस्टरांमध्ये त्याला स्वतःच अंक लिहावे लागत. म्हणून एका खेळात आवाज येतो व दुसऱ्यात येत नाही, हा अनुभव डॉसवर नित्याचा आहे. त्यावरून कार्ड बिघडले असे अनुमान काढता येत नाही.

खेळ आणि कार्ड यांच्यात तीन बाबींवर एकवाक्यता असावी लागते. पहिली बाब पोर्टचा पत्ता. हा पत्ता षोडशमान पद्धतीत लिहिला जातो आणि साउंड ब्लास्टरसाठी तो सामान्यतः २२० असतो. दुसरी बाब इंटरप्ट. दिलेला ध्वनिखंड वाजवून झाला, पुढचा द्यावा, असे कार्डाने प्रक्रियकाला कळविण्याची ही तार होय. तिचा क्रमांक बहुधा ५ किंवा ७ असतो. तिसरी बाब डीएमए वाहिनी. प्रक्रियकाला न गुंतविता स्मृतीतील ध्वनीचे अंक थेट कार्डापर्यंत नेणारा हा मार्ग आहे. आठ बिटांच्या ध्वनीसाठी वाहिनी १ आणि सोळा बिटांच्या ध्वनीसाठी वाहिनी ५ हा प्रघात होता.

या तिन्ही बाबी खेळाला कळाव्यात म्हणून डॉसच्या ऑटोएक्झेक या आरंभ-फाइलीत ब्लास्टर नावाचे चल निश्चित केले जाते. ‘ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६’ हे त्याचे साउंड ब्लास्टर १६ साठीचे नमुना-रूप. यात ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट, डी व एच म्हणजे अनुक्रमे आठ व सोळा बिटांची वाहिनी, पी म्हणजे मिडी पोर्ट आणि टी म्हणजे कार्डाचा प्रकार. हे चल म्हणजे दारावरची पाटी आहे. पाटीवरील नाव बदलल्याने घरात राहणारी माणसे बदलत नाहीत, त्याचप्रमाणे चल बदलल्याने कार्डाची प्रत्यक्ष मांडणी बदलत नाही. मांडणी जम्परने, कार्डासोबतच्या उपयोजनाने किंवा प्लग अँड प्लेच्या प्रक्रियेने ठरते. पाटी आणि घर यांतील तफावत हे मुक्या कार्डाचे एक अत्यंत सामान्य कारण आहे.

एका कार्डातील चार मार्ग

निदानाची किल्ली पुढील वस्तुस्थितीत आहे. साउंड ब्लास्टर १६ दिसायला एक कार्ड असले, तरी त्यात ध्वनीचे चार मार्ग आहेत आणि ते बऱ्याच अंशी परस्परांपासून स्वतंत्र आहेत.

पहिला मार्ग सीडीच्या संगीताचा. सीडी ड्राइव्हमधून निघालेली चार तारांची एक बारीक केबल कार्डाला जोडलेली असते. या केबलमधून येणारा ध्वनी मुळातच सादृश स्वरूपाचा असतो. त्यासाठी पत्ता, इंटरप्ट वा डीएमए यांपैकी कशाचीही गरज नसते. तो कार्डावरील मिश्रकातून आणि प्रवर्धकातून जाऊन बाहेर पडतो.

दुसरा मार्ग एफएम संगीताचा. यासाठी केवळ पत्ता लागतो. ॲडलिबच्या काळापासून हा पत्ता ३८८ असा ठरलेला आहे. इंटरप्ट किंवा डीएमए यांचा या मार्गाशी संबंध नाही.

तिसरा मार्ग अंकीय ध्वनीचा. यासाठी पत्ता, इंटरप्ट आणि डीएमए अशा तिन्ही गोष्टी अचूक असाव्या लागतात. स्वाभाविकच सर्वाधिक बिघाड याच मार्गावर आढळतात.

चौथा मार्ग मिडीचा. कोणता स्वर केव्हा व किती जोराने वाजवावा याच्या सूचना पोर्ट ३३० मधून बाहेरच्या वाद्याकडे किंवा कार्डावर बसविलेल्या उपकार्डाकडे जातात. प्रत्यक्ष ध्वनीची निर्मिती तिथे होते.

म्हणून ‘आवाज येत नाही’ ही तक्रार अपुरी असते. चारांपैकी कोणता मार्ग बोलतो आणि कोणता गप्प आहे, हे विचारले की दोषाचे क्षेत्र तात्काळ आकुंचन पावते. चारही मार्ग गप्प असतील तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या टप्प्यात असण्याची शक्यता मोठी, म्हणजे मिश्रक, प्रवर्धक, वीजपुरवठा किंवा स्पीकरची जोडणी. एकच मार्ग गप्प असेल तर प्रवर्धकाकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

निदानाचा क्रम

अ) बाह्य तपासणी

कार्ड काढण्यापूर्वी किंवा बसविण्यापूर्वी संगणकाची वीजजोडणी पूर्णपणे तोडावी आणि अंगावरील स्थिर विद्युत धातूच्या सांगाड्याला स्पर्श करून निचरून द्यावी. स्पीकर दुसऱ्या उपकरणावर वाजतात याची प्रथम खात्री करावी. कार्डावर प्रवर्धित आणि अप्रवर्धित असे दोन प्रकारचे निर्गम असू शकतात. काही कार्डांवर त्यांची निवड जम्परने होते. स्वतःचा प्रवर्धक नसलेला स्पीकर अप्रवर्धित निर्गमाला जोडला असता आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. जुन्या कार्डांच्या कडेला आवाजाचे चक्रही असते आणि ते शून्यावर फिरलेले असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

त्यानंतर कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्या पाहाव्यात. मुंबई, कोकण आणि गोवा येथील दमट, खाऱ्या हवेत स्लॉटमधील धातूचे संपर्क लवकर खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनी ते स्वच्छ करता येतात. आयसा प्रकारच्या स्लॉटचे दोन भाग असतात. पुढच्या भागात ६२ आणि मागच्या भागात ३६ संपर्क असतात. डीएमए वाहिनी ५, ६, ७ आणि इंटरप्ट १० यांच्या तारा मागच्या भागात आहेत. आठ बिटांचा ध्वनी वाजतो पण सोळा बिटांचा वाजत नाही, किंवा इंटरप्ट ५ चालतो पण १० चालत नाही, असे दिसल्यास मागच्या भागातील संपर्कांची तपासणी आधी करावी.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची पुनर्भारित होणारी बॅटरी डाग देऊन बसविलेली असे. कालांतराने ती पाझरते आणि तिच्यातील अल्कली द्रव आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. या स्थितीत दोष मदरबोर्डचा असतो आणि ठपका मात्र कार्डावर येतो. त्यामुळे कार्ड शक्य असल्यास दुसऱ्या संगणकात लावून पाहणे हितावह ठरते.

आ) सामाईक टप्प्याची तपासणी

सीडी ड्राइव्हमध्ये संगीताची तबकडी घालून ती वाजवावी. अनेक जुन्या ड्राइव्हच्या दर्शनी भागावर त्यासाठी बटण असते. संगीत ऐकू आले तर मिश्रक, प्रवर्धक, निर्गम आणि स्पीकर हे सारे एकाच कसोटीने निर्दोष ठरतात. संगीत ऐकू न आल्यास मिश्रकातील सीडीची पातळी शून्यावर आहे काय हे पाहावे. साउंड ब्लास्टर १६ वर मिश्रकाच्या पातळ्या आज्ञावलीद्वारे ठरतात. कार्डासोबत मिळणारे त्यासाठीचे उपयोजन चालवून प्रत्येक पातळी तपासावी.

इ) पत्त्याची आणि एफएम विभागाची तपासणी

डॉससोबत डीबग नावाची एक लहान आज्ञावली येते. तिच्या साहाय्याने कोणत्याही पोर्टवर अंक लिहिता व वाचता येतो. एफएम चिपमध्ये दोन कालमापक आहेत आणि ओळख पटविण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पोर्ट ३८८ वर रजिस्टरचा क्रमांक आणि ३८९ वर त्याचे मूल्य लिहावयाचे असते. रजिस्टर ४ मध्ये प्रथम ६० आणि नंतर ८० लिहून कालमापक थांबवावेत व ३८८ चे मूल्य वाचावे. त्यानंतर रजिस्टर २ मध्ये एफएफ आणि रजिस्टर ४ मध्ये २१ लिहून पहिला कालमापक सुरू करावा आणि ३८८ चे मूल्य पुन्हा वाचावे. हे सर्व अंक षोडशमान आहेत. ॲडलिबच्या मूळ चिपवर पहिल्या वेळी ०६ व दुसऱ्या वेळी सी६ असे उत्तर येते, तर वायएमएफ२६२ वर ०० व सी० असे येते. दोन्ही वेळा एफएफ आले तर त्या पत्त्यावर उत्तर देणारे कोणी नाही असे समजावे.

चिप योग्य उत्तर देते, परंतु संगीत ऐकू येत नाही, अशी स्थितीही संभवते. एफएम चिप स्वतः सादृश ध्वनी देत नाही. तिचे अंक वायएम३०१४ किंवा वायएसी५१२ यांसारख्या लहान परिवर्तक चिपकडे जातात. सीडीचे संगीत चालू आणि एफएम गप्प असल्यास मिश्रकातील एफएमची पातळी आधी तपासावी व त्यानंतर या परिवर्तकावर संशय घ्यावा.

ई) डीएसपीची तपासणी

डीबगमध्येच पोर्ट २२६ वर १ आणि त्यानंतर ० लिहिल्यास डीएसपी पुनरारंभित होतो. तो सुस्थितीत असेल तर पोर्ट २२ए वाचताच एए, म्हणजे दशमान १७०, हा अंक मिळतो. यंत्राने ‘मी उपस्थित आहे’ असे सांगण्याची ही खूण होय. खूण मिळाली तर पत्ता बरोबर आहे आणि डीएसपी जिवंत आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. न मिळाल्यास २४०, २६० आणि २८० या इतर संभाव्य पत्त्यांवर हीच कृती करून पाहावी.

येथे प्लग अँड प्ले कार्डांचा वेगळा विचार करावा लागतो. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ साली मांडलेल्या या पद्धतीनुसार बनविलेली कार्डे वीज मिळताच कोणत्याही पत्त्यावर उत्तर देत नाहीत. कोणीतरी त्यांना पत्ता नेमून द्यावा लागतो. डॉसमध्ये हे काम सीटीसीएम किंवा युनिसाउंड यांसारखे उपयोजन करते. ते चालविण्यापूर्वी कार्ड निकामी ठरविणे म्हणजे हजेरी घेण्यापूर्वीच विद्यार्थी गैरहजर मांडण्यासारखे आहे.

उ) इंटरप्ट आणि डीएमए यांची तपासणी

डीएसपी उत्तर देतो पण अंकीय ध्वनी नीट वाजत नाही, अशा वेळी लक्षणांचे बारकाईने निरीक्षण करावे. आवाजाचा पहिला लहानसा तुकडा ऐकू येऊन पुढे शांतता पसरते, किंवा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो, तेव्हा इंटरप्टवर संशय घ्यावा. अंक कार्डापर्यंत पोहोचले, म्हणजे डीएमए चालला. तुकडा संपल्याचा निरोप मात्र खेळापर्यंत गेला नाही. याउलट अगदी आरंभापासून शांतता असेल आणि खेळ किंवा चाचणीचे उपयोजन निरोपाची वाट पाहत गोठून राहत असेल, तर डीएमए वाहिनीची तफावत संभवते. अंकच पोहोचले नाहीत, म्हणून तुकडा कधी संपलाच नाही.

इंटरप्ट ७ हा पहिल्या प्रिंटर पोर्टसाठीही राखलेला असतो. त्यामुळे साउंड ब्लास्टरसाठी ५ हा क्रमांक अधिक सोयीचा ठरतो. पेंटियम पिढीच्या संगणकात पीसीआय कार्डे हेच क्रमांक बळकावू शकतात. तिथे बायोसच्या मांडणीत संबंधित इंटरप्ट आणि डीएमए वाहिनी आयसा कार्डासाठी राखून ठेवण्याची सोय असते. साउंड ब्लास्टर १६ च्या प्लग अँड प्लेपूर्व आवृत्त्यांत इंटरप्ट आणि डीएमए यांचे क्रमांक मिश्रकाच्या रजिस्टरांत लिहिले जातात. हे काम डायग्नोझ नावाच्या उपयोजनाकडे असते. ऑटोएक्झेकमधून त्याची ओळ गळली की पाटी जागेवर राहते आणि घर मात्र रिकामे होते.

ऊ) गतीची तपासणी

काही खेळ कार्डाला उत्तर देण्यासाठी किती वेळ द्यावा हे प्रक्रियकाच्या फेऱ्या मोजून ठरवीत. वायएम३८१२ चिपला रजिस्टरचा क्रमांक लिहिल्यावर सुमारे ३.३ आणि मूल्य लिहिल्यावर सुमारे २३ मायक्रोसेकंद विसावा लागतो. १९८० च्या दशकातील संगणकात पुरेसा ठरणारा विसावा पेंटियमवर क्षणार्धात संपतो आणि खेळ ‘कार्ड सापडले नाही’ असे सांगून मोकळा होतो. बायोसमधून अंतर्गत कॅश बंद करून किंवा टर्बो बटणाने गती उतरवून तोच खेळ पुन्हा चालवावा. आवाज आला तर कार्ड निर्दोष आहे. काही खेळ वेगवान संगणकावर ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन बंद पडतात. तोही गतीचाच परिणाम असून ध्वनिकार्डाशी त्याचा संबंध नाही.

एक उदाहरण

वरील क्रमाचे उपयोजन एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ४८६ प्रक्रियकाच्या संगणकात साउंड ब्लास्टर १६ बसविले आहे आणि आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा १९९३ सालचा डूम हा खेळ चालविला आहे, असे मानू. खेळाचे संगीत व्यवस्थित ऐकू येते, परंतु बंदुकीचे व दारांचे आवाज येत नाहीत. डूममध्ये संगीत आणि परिणामध्वनी यांसाठीचे कार्ड स्वतंत्रपणे निवडावे लागते. साउंड ब्लास्टर निवडले असता संगीत एफएम मार्गाने व परिणामध्वनी अंकीय मार्गाने जातो.

संगीत ऐकू येते यावरूनच स्पीकर, प्रवर्धक आणि एफएम चिप निर्दोष ठरतात. दोष अंकीय मार्गावर आहे. डीबगच्या साहाय्याने एए ही खूण मिळाली, म्हणून पत्ता आणि डीएसपी यांवरील संशय फिटतो. चाचणीच्या उपयोजनात आवाजाचा तुकडा एकदाच वाजून थांबतो, म्हणून डीएमएही सुटतो. उरतो तो इंटरप्ट. खेळाच्या मांडणीत ७ आणि कार्डावर ५ असल्याचे आढळते. खेळाच्या मांडणीत ५ केल्यावर सर्व आवाज येऊ लागतात. पाच पायऱ्यांत दोष सापडला आणि त्यासाठी पेचकसही उचलावा लागला नाही.

जन्मजात वैशिष्ट्ये आणि वार्धक्यजन्य दोष

कार्डाकडून येणारा प्रत्येक विचित्र आवाज हा बिघाड असतोच असे नाही. साउंड ब्लास्टर १६ च्या डीएसपीच्या ४.११ ते ४.१३ या आवृत्त्यांमध्ये, अंकीय ध्वनी चालू असताना मिडी पोर्टवरील सूचना गहाळ होऊन एखादा स्वर तसाच लटकत राहतो. हा दोष कार्डाच्या जन्मापासूनचा आहे आणि घटक बदलून तो जात नाही. क्रिएटिव्हच्या नंतरच्या काही कार्डांवर यामाहाच्या चिपऐवजी सीक्यूएम नावाची अनुकृती आहे. तिच्यावर जुने संगीत किंचित वेगळ्या, धातूसारख्या नादाचे लागते. तसेच साउंड ब्लास्टर प्रोच्या पद्धतीने दिलेला स्टिरिओ ध्वनी साउंड ब्लास्टर १६ वर जसाच्या तसा वाजत नाही.

वार्धक्यजन्य दोषांत विद्युत-अपघटनी संधारित्रांचा क्रमांक वरचा लागतो. कालांतराने त्यांतील द्रव सुकतो किंवा पाझरतो आणि त्यांची धारिता घटते. प्रवर्धक आणि स्पीकर यांमधील संधारित्र मंद्र स्वरांना किती वाट देतो हे त्याच्या धारितेवर अवलंबून असते. उदाहरणादाखल, ८ ओहमच्या स्पीकरसह २२० मायक्रोफॅरडचा संधारित्र सुमारे ९० हर्ट्झच्या वरचे स्वर मोकळेपणाने जाऊ देतो. त्याची धारिता २२ मायक्रोफॅरडपर्यंत घसरल्यास ही सीमा सुमारे ९०० हर्ट्झपर्यंत चढते. परिणामी आवाज येतो, पण तो पातळ आणि पोकळ वाटतो. आवाज पूर्ण बंद नसून त्याचा पोत बिघडला आहे, असे लक्षण असेल तेव्हाच संधारित्र बदलण्याचा विचार करावा. ध्रुवता उलट होऊ नये आणि मूळ विद्युतदाबापेक्षा कमी क्षमतेचा घटक वापरू नये, ही पथ्ये पाळणे अनिवार्य आहे.

आणखी एक कारण कार्डाच्या बाहेर असते. काही जुन्या कार्डांना आयसा स्लॉटमधील उणे ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. २००० च्या दशकाच्या आरंभानंतर एटीएक्स वीजपुरवठ्यांतून ही तार वगळण्यात आली. नवीन वीजपुरवठा लावल्यानंतर जुने कार्ड मुके झाले तर या बदलाकडे लक्ष द्यावे.

अध्यापन आणि जतन यांच्या दृष्टीने महत्त्व

डॉसबॉक्स ही अनुकरण करणारी आज्ञावली २००२ सालापासून उपलब्ध आहे आणि तिच्यामुळे जुने खेळ आजच्या संगणकावर चालतात. मग मूळ कार्ड जपण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. अनुकरणाचा खरेपणा मूळ वस्तूशी ताडूनच ठरतो. यामाहाच्या एफएम चिपांचे आवरण काढून त्यांच्या आतील कोष्टके २००८ साली अभ्यासकांनी वाचली आणि त्यातून अधिक अचूक अनुकरण शक्य झाले. पाठभेद ठरविताना संपादकाला मूळ पोथी हाताशी हवी असते. अनुकरण तपासणाऱ्याला चालू स्थितीतील कार्ड तसेच हवे असते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. पोर्ट, इंटरप्ट आणि डीएमए या संकल्पना पाठ्यपुस्तकात अमूर्त राहतात. डीबगमध्ये दोन अंक लिहून कार्डाकडून एए हे उत्तर मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रत्यक्ष भेटतात. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलणे, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, आणि काय चालत नाही याइतकेच काय चालते याकडेही लक्ष देणे या सवयी कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधनात मोलाच्या आहेत. महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत पडलेले जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांतील कार्डांची अशी तपासणी झाल्यास प्रयोगशाळेला एक स्वस्त आणि बोलके साधन मिळू शकते.

निष्कर्ष

१. डॉसमध्ये ध्वनीसाठी सर्वमान्य मध्यस्थ नसल्याने खेळ आणि कार्ड यांच्यातील पत्ता, इंटरप्ट व डीएमए यांची तफावत हे आवाज न येण्याचे एक प्रमुख कारण ठरते.
२. ध्वनिकार्डातील सीडी, एफएम, अंकीय ध्वनी आणि मिडी हे मार्ग बऱ्याच अंशी स्वतंत्र आहेत. त्यांपैकी कोणता चालतो व कोणता थांबतो यावरून दोषाचे स्थान ठरविता येते.
३. तपासणी कमी अवलंबित्व असलेल्या मार्गापासून अधिक अवलंबित्व असलेल्या मार्गाकडे न्यावी. घटक बदलण्याचे काम सर्वांत शेवटी करावे.
४. कार्डाची जन्मजात वैशिष्ट्ये आणि वार्धक्यजन्य दोष यांत भेद न केल्यास निर्दोष कार्डाला इजा होण्याचा संभव असतो.
५. मूळ कार्डे पुन्हा निर्माण होणार नाहीत. म्हणून एखादे कार्ड मृत ठरविण्यापूर्वी वरील सर्व पायऱ्या पूर्ण करणे आणि त्यांची लेखी नोंद कार्डासोबत ठेवणे आवश्यक आहे. पुढील अभ्यासकाला कार्डाइतकाच या नोंदीचाही उपयोग होईल.